इंदूरहून सोयाबीनचं बियाणं आणावं का?

तुम्ही विचारलंय की मलकापूरकडच्या शेतासाठी इंदूरहून सोयाबीनचं बियाणं आणलं तर चालेल का, आणि उगवलं नाही तर दाद कुठे मागायची. आणा, खुशाल आणा. दाद मिळेल की नाही ते मात्र बियाणं घेतानाच ठरून जातं.

आमची इंदुरातली ही चौथी पिढी. सांवेरजवळ थोडी शेती आहे, तिथे मी बारा वर्षं बीजोत्पादन घेतो. फुलोऱ्यात ओळीओळीने फिरून वेगळ्या रंगाच्या फुलांची झाडं उपटायची, तपासणी करवून घ्यायची, मग मळणी आणि ग्रेडिंग. त्यामुळे पिशवीत काय असतं आणि काय असायला हवं, हे मी दोन्ही बाजूंनी पाहिलंय.

पीक काही राज्याची सीमा बघून वाढत नाही. सोयाबीन संशोधनात मध्य प्रदेश, राजस्थान, गुजरात, विदर्भ आणि मराठवाडा एकाच मध्य विभागात धरतात. म्हणजे वाणाच्या दृष्टीने तुम्हाला सांगलीपेक्षा इंदूर जवळचं. जेएस ३३५ हा जबलपूरच्या विद्यापीठाचा १९९४ मधला वाण. तुमच्याकडे किती वर्षं घरोघरी तोच पेरला गेला ते तुम्हाला ठाऊकच आहे. तरी जो वाण घ्याल त्याची शिफारस विदर्भासाठी आहे ना, एवढं बघून घ्या.

आता जिथे फसगत होते ते सांगतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये काढणीच्या तोंडावर पाऊस झाला, आमच्याकडेही आणि तुमच्याकडेही. सोयाबीनच्या दाण्याचं साल पातळ; भिजलं की आतला कोंब जातो, बाहेरून मात्र दाणा टपोरा दिसतो. २०२० च्या जूनमध्ये तुमच्या मोताळ्याकडच्या माझ्या मामेभावाने इथल्या एका व्यापाऱ्याकडून सहा पिशव्या नेल्या. माल चांगला आहे, असं मीच त्याला सांगितलं होतं. बिल घेतलं नाही, कारण बिलाशिवाय थोडं स्वस्त पडत होतं. आठव्या दिवशी त्याने फोन करून शेत दाखवलं. पेरलेल्या ओळीच्या ओळी रिकाम्या. जमीन उकरली तर दाणे कुजून मऊ पडलेले, बोटाने दाबले की पीठ. दुबार पेरणी करावी लागली. तालुक्याची तक्रार निवारण समिती येऊन पंचनामा करून गेली, पण त्यावर लॉट नंबर, म्हणजे बियाण्याच्या त्या खेपेचा क्रमांक, काय लिहिणार? ना टॅग, ना बिल, व्यापारी दुसऱ्या राज्यातला. ते शेत आजही माझ्या डोळ्यासमोरून जात नाही.

म्हणून पिशवी घेताना तिची शिवण बघा. प्रमाणित बियाण्याला निळा टॅग असतो, तो तोंडाच्या शिवणीत शिवलेला हवा. सुतळीने नंतर बांधलेला नको. पायाभूत, म्हणजे ज्यापासून प्रमाणित बियाणं तयार करतात, त्या बियाण्याचा टॅग पांढरा. सत्यप्रत बियाण्याला फक्त उत्पादकाचं हिरवट लेबल असतं, त्याची हमी उत्पादकाचीच. वाण, लॉट नंबर, चाचणीची तारीख आणि वैधता वाचा. चाचणीपासून नऊ महिने धरतात. उगवण किमान ७० टक्के लागते. पण तो आकडा चाचणीच्या दिवसाचा. त्यानंतर पोती ट्रकमधून आपटली, उंच थप्पीत दबली, तर टॅगवरचे ७० शेतात राहत नाहीत.

तेव्हा घरी चाचणी कराच. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळून सावलीत ठेवा, पाणी शिंपडत राहा. सहा-सात दिवसांनी निरोगी कोंब मोजा. ७० आले तर एकरी ३० किलो. ६० आले तर ३५ किलो पेरा. ५० च्या खाली आले तर ते बियाणं शेतात नेऊ नका, पैसे गेले तरी चालतील.

मला खरी चीड आहे ती याची, की बियाणं एका रात्रीत बुऱ्हाणपूर ओलांडतं आणि त्याच्यामागची तक्रार तिथेच अडकते. २०११ मध्ये मालदीवच्या अड्डूला सार्क देशांनी सामायिक बियाणे बँकेच्या करारावर सह्या केल्या. भाताच्या वाणांची एका देशातली चाचणी दुसऱ्याने मानावी, असं भारत, नेपाळ आणि बांगलादेशनेही ठरवलं. देशादेशांत हे बोलता येतं, तर इंदूर आणि बुलढाण्याच्या कृषी कार्यालयांनी नापास लॉटची यादी पेरणीआधी एकमेकांना का पाठवू नये? केंद्राने २०२३ मध्ये साथी पोर्टल सुरू केलंय, त्यात क्यूआर कोडवरून बियाण्याचा माग काढता येतो. पिशवीवर तो असेल तर दुकानातच स्कॅन करा.

आणखी एक वाट आहे. २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला आपलं बियाणं ठेवायचा, बदलून द्यायचा आणि विकायचाही हक्क दिलाय. फक्त ब्रँडचं लेबल लावून विकता येत नाही. सोयाबीन स्वपरागीभवनाचं पीक, दोन-तीन वर्षं घरचं बियाणं चालतं. शेजारच्या गावात कोणी जपून मळणी केली असेल तर आधी त्याच्याकडे विचारा, ट्रकभाडं वाचेल.

दाद मागायचं म्हणाल, तर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बियाणं घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे हे मान्य केलंय. २०१९ च्या ग्राहक कायद्याप्रमाणे तक्रार तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात करता येते, त्यासाठी इंदूरला हेलपाटे नकोत. पक्कं बिल घ्या. टॅगसकट रिकाम्या पिशव्या आणि प्रत्येक लॉटचं किलोभर बियाणं कापणीपर्यंत जपून ठेवा. उगवण फसली तर शेत मोडायच्या आधी समितीला बोलवा. मामेभाऊ आता बिलाचा आणि टॅगचा फोटो आधी मला पाठवतो, मी होकार दिला की मगच पिशव्या गाडीत चढतात.