नावावर जाऊ नकोस

जुन्या आयरिश कवितेवर संत कोलम किलेचं नाव दिसलं म्हणून लगेच तारीख लावू नकोस. तो ५९७ मध्ये वारला. त्याच्या नावावरच्या कितीतरी कवितांची भाषा मात्र अकराव्या-बाराव्या शतकातली आहे. ‘तुका म्हणे’ असलेला प्रत्येक अभंग तुकोबांचा नसतो ना, तसंच. आधी भाषा तपास, मग नाव.

सुरुवात निनावी कवितांनी कर. स्वित्झर्लंडमधल्या सेंट गालनच्या ग्रंथालयात लॅटिन व्याकरणाची नवव्या शतकातली पोथी आहे. तिच्या समासात चारच आयरिश ओळी: आज रात्री वारा झोंबरा आहे, समुद्राचे पांढरे केस विस्कटतोय, म्हणून समुद्रावरून येणाऱ्या व्हायकिंग लुटारूंची भीती नाही. मूळ ऐकच, दुसऱ्या ओळीत ‘फ’ने सुरू होणारे तीन शब्द लागोपाठ येतात, लाटांसारखे.