'काजू नाही' म्हणतात आणि तरी ओठ सुजतात: आईस्क्रीमच्या दुकानात नक्की विचारायचं काय

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलाला काजू चालत नाही, घराजवळ नवीन दुकान निघालंय तिथे पेरू-मिरची, गुलकंद, पुरणपोळी, तिळगूळ असले फ्लेवर आहेत म्हणून पोरगं मागे लागलं, तुम्ही काउंटरवर 'यात काजू आहे का' विचारलंत, तो 'नाही मॅडम' म्हणाला, पेरूचा एक स्कूप खाल्ला आणि ओठ सुजले. आणि आता मालक म्हणतो आमच्या पेरूत काजू नाहीच.

मालक बहुतेक खरं बोलतोय. पेरूत नसेलच काजू. पण पेरूच्या आधी कुणीतरी काजू-अंजीर घेतलं असेल, ते काढायचा स्कूप काउंटरमागच्या पाण्याच्या भांड्यात बुडवला असेल, आणि त्याच पाण्यातून काढून तुमच्या पेरूत घातला असेल. पुढच्या वेळी गेलात की ते भांडं बघा एकदा. गर्दीच्या वेळी, म्हणजे रात्री जेवणानंतर, ते पाणी दुधाळ झालेलं असतं आणि तळाशी ड्रायफ्रूटचा चुरा बसलेला असतो. सगळ्या फ्लेवरचं सगळं त्यात. आपण फ्लेवरची चौकशी करत बसतो आणि भानगड असते स्कूपमध्ये.

दुसरी शक्यता, बेसमध्येच काजूची पेस्ट. दाटपणा आणि मलईदारपणा यावा म्हणून काही ठिकाणी घालतात, नावात कुठेच काजू नसतो आणि काउंटरवरच्या मुलाला ते माहीत नसतं. तो मुलगा खोटं बोलत नाही हो, त्याला वरून दिसणारे तुकडे माहीत असतात, आत काय दळलंय ते नाही. आमचं सगळं रामायण याच्यामुळेच झालं म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

आम्ही मूळचे मालवणकडचे, म्हणजे काजूची ॲलर्जी असलेली मुलगी आमच्या घरात जन्माला यावी हा विनोदच. लहानपणी ओल्या काजूच्या उसळीने पहिला दणका दिला, तेव्हापासून काजू बंद, पिस्ताही बंद (काजू चालत नाही त्याला पिस्ता बऱ्याचदा चालत नाही, दोन्ही एकाच कुळातले, चारोळीही त्यातलीच, तेव्हा बासुंदी-श्रीखंडावरची चारोळी विसरू नका). हे सगळं आम्हाला पाठ होतं. तर एका दुकानात, नाव लिहीत नाही, बऱ्याच शाखा आहेत त्यांच्या, नारळ-गूळ असा फ्लेवर आला होता. विचारलं, 'नाही' म्हणाले. खाल्लं, आणि पाच-दहा मिनिटांत अंगावर गांध्या, खोकला, आवाज बसलेला, रिक्षा करून हॉस्पिटल. ते निभावलं.

पुढचं ऐका. डॉक्टर म्हणाले काजू नव्हता म्हणताय तर मग हे नारळाचंही असू शकतं, त्या आईस्क्रीममध्ये काय काय होतं त्याची यादी आणा, तोवर नारळ बंद. आता यादी आणायला म्हणून मी दुकानात गेलो. दुकानवाला म्हणे आमच्याकडे माल तयार येतो, हेड ऑफिसला फोन करा. हेड ऑफिसमधल्या बाई म्हणाल्या कस्टमर केअरला मेल करा. मेलला लगेच उत्तर, 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे'. परत मेल केला, तर मला डिस्काउंटचं कूपन पाठवलं! अरे बाबा, पोरगी हॉस्पिटलमध्ये जाऊन आली, मला कूपन काय देतोस. मग फोनवर एक साहेब भेटले, ते म्हणाले रेसिपी आमचं सिक्रेट आहे, देता येत नाही. मी म्हटलं प्रमाण नको, कृती नको, नुसती नावं सांगा. तर म्हणे लेखी अर्ज करा, सोबत बिल आणि उरलेलं आईस्क्रीम. उरलेलं आईस्क्रीम! रिक्षात पोरीला मांडीवर घेऊन कप सांभाळत बसायचं होतं मी.

बरेच महिने हे चाललं आणि तेवढे महिने घरात नारळ नाही. मालवणी घरात. सोलकढी नाही, खोबऱ्याचं वाटप नाही, गणपतीत सगळ्यांचे मोदक वेगळे आणि तिचे वेगळे, शाळेच्या डब्यात शेजारणीने ओलं खोबरं भुरभुरलेले पोहे दिले म्हणून बायको रात्रभर जागी. आजी तर म्हणायची, तुमी तिका उपाशी मारतलास. हॉस्पिटलच्या बिलापेक्षा हे महाग पडलं आम्हाला, पैशाने नाही, बाकी सगळ्याने.

उलगडा कसा झाला तर एकदा दुपारी त्या दुकानासमोरून जाताना टेम्पोतून डबे उतरवत होते. मोठे पाच लिटरचे डबे. मी थांबून टेम्पोवाल्याला म्हटलं, भाऊ, जरा बघू दे. डब्याला लेबल चिकटवलेलं, त्यावर घटकांच्या यादीत सरळ 'काजू पेस्ट'. दुकानाच्या फ्रीजरमध्ये काउंटरपासून दोन पावलांवर ती यादी पहिल्या दिवसापासून पडून होती, आणि मी हेड ऑफिसला अर्ज लिहीत होतो. फोटो काढला, डॉक्टरांना दाखवला, मग त्यांच्या देखरेखीखाली नारळ परत सुरू केला, काही झालं नाही.

तर ताई, माझं सांगणं एवढंच की 'यात काजू आहे का' हा प्रश्न विचारूच नका. त्याचं उत्तर कायम 'नाही' येतं, कारण गिऱ्हाईक 'नाही' ऐकायला आलंय हे त्या मुलाला कळतं. त्याऐवजी म्हणा, 'या फ्लेवरचा डबा बाहेर काढून दाखवता का, लेबल वाचायचंय.' डब्यावर यादी नसेल तर मालासोबत कागद येतो त्यावर असते. आणि माल तिथेच बनत असेल तर 'बनवणाऱ्याशी बोलायचंय' म्हणा. दोन्हीला नकार आला तर चपला उचला आणि निघा, पोराने भोकाड पसरलं तरी.

डबा पटला की मग स्कूप. दुकान उघडल्या-उघडल्या जा, न फोडलेला डबा फोडायला सांगा, स्कूप नळाखाली साबणाने धुऊन घ्यायला सांगा, कप घ्या, कोन नको (कोनांच्या बरणीशेजारीच सुक्या मेव्याचा चुरा असतो). मी घरून स्टीलचा डाव नेतो, लोक हसतात, हसू देत.

आता एक मत सांगतो जे कुणाला पटणार नाही. मला विचित्र फ्लेवरवालं छोटं दुकान नेहमीच्या शाखावाल्या दुकानापेक्षा बरं वाटतं. जो माणूस स्वतः पुरणपोळीचं आईस्क्रीम करायचा खटाटोप करतो त्याला त्यात काय घातलंय ते तोंडपाठ असतं, उलट सांगायला उत्सुक असतो, थांबवावं लागतं. मुंबईत हे वेड जुनंच आहे, गिरगाव चौपाटीवर बॅचलर्सकडे हिरव्या मिरचीचं आईस्क्रीम मिळतं, अप्सराकडे पेरूवर तिखट-मीठ भुरभुरून देतात, भेंडी बाजारात ताज आईस्क्रीमवाले अजून हाताने फिरवलेल्या संचातलं फळांचं आईस्क्रीम देतात, आणि १९८४ साली जुहूला नॅचरल्स सुरू झालं तेही फळांच्याच जोरावर. (ही नावं चवीच्या गप्पा म्हणून, ॲलर्जीची हमी म्हणून नाही! तिथेही डबा-स्कूपचं सगळं तेच करायचं.) फळाचा फ्लेवर ज्याच्या त्याच्या सिझनमध्ये खावा हे आणखी एक, जांभूळ जून-जुलैत, सीताफळ दिवाळीच्या आगेमागे, तेव्हा तो माल भराभर खपतो, नवा डबा फोडून मिळायची शक्यता जास्त.

पूर्ण टाळायचं ते सांगतो. तव्यावर थापून गुंडाळ्या करतात ते रोल आईस्क्रीम, एकाच तव्यावर एकाच उलथन्याने सगळं कुटतात. मिल्कशेक, कारण मिक्सरचं भांडं एकच आणि ते नुसतं विसळतात. कापून देतात ती कुल्फी, सुरी आणि पाट तोच. पुण्याला गेलात तर मस्तानी 'वरचा सुका मेवा नको' म्हणून मागता येते, पण कितीतरी वेळा ग्लासात आधी घालून मग चमच्याने काढून देतात, समोर उभं राहून बघा.

कायद्याचं थोडं, मी वकील नाही. लेबलिंगचे २०२० चे नियम आहेत एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, त्यात पॅकबंद मालावर ॲलर्जीचे घटक लिहावे लागतात, शेंगदाणे आणि काजू-बदाम वगैरे त्यात येतात. मेन्यूवर ही माहिती द्यायचं बंधन मोठ्यांना, म्हणजे केंद्रीय परवाना असलेल्यांना किंवा दहा किंवा जास्त ठिकाणी दुकानं असलेल्यांना. तुमच्या गल्लीतल्या एकट्या दुकानाला मेन्यूचं ते लागू नाही, त्यामुळे 'बोर्डवर का नाही लिहिलं' म्हणून भांडू नका, हराल. परवान्याचा चौदा आकडी नंबर मात्र लहान-मोठ्या सगळ्यांनी दर्शनी भागात लावायचा असतो आणि २०२२ पासून बिलावरही. तो नंबर नसेल तर मी तरी पाऊल ठेवत नाही. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५. तक्रार करा किंवा करू नका, पण बिलाचा आणि कपाचा फोटो काढून ठेवाच.

जाता जाता, विषय सोडून: फॅमिली पॅक घेताना 'फ्रोझन डेझर्ट' लिहिलंय का बघत जा, त्यात दुधाच्या फॅटऐवजी वनस्पती तेल असतं. साध्या 'आईस्क्रीम'मध्ये दुधाचं फॅट किमान १० टक्के लागतं. आणि लिटर बघून भुलू नका, लिटरभर आईस्क्रीमचं वजन ५२५ ग्रॅम असलं तरी नियमात बसतं, बाकी हवा. मी ग्रॅम बघून घेतो. बायको म्हणते आईस्क्रीम घ्यायला आलोय की सोनं.

औषधाचं मी काही सांगणार नाही, मी डॉक्टर नाही. तुम्ही कमेंटमध्ये लिहिलंय की घरातली ॲलर्जीची गोळी दिली आणि सूज उतरली. या वेळी उतरली. पण खोकला, धाप, आवाज बसणं, उलट्या यातलं काहीही दिसलं तर गोळी देऊन वाट बघत बसायचं नाही, थेट हॉस्पिटल, हे आम्हाला आमच्या डॉक्टरांनी बजावलेलं आहे. तुमच्या डॉक्टरांकडून तुमच्या मुलासाठी काय करायचं ते लेखी घ्या, त्याची एक प्रत शाळेत, एक आजी-आजोबांकडे.

वाढदिवसाचं विचारलंत. सोसायटीच्या हॉलमध्ये त्याच दुकानातून स्कूप मागवू नका, वीस पोरं आणि एक स्कूप म्हणजे झालंच. लेबल असलेले छोटे सीलबंद कप आणा, तोच कप सगळ्यांना, म्हणजे तुमचं पोर वेगळं पडत नाही. आणि तिळगूळ फ्लेवर सध्या राहू द्या. तिळाची ॲलर्जी हा वेगळाच प्रकार आहे, आणि लेबलवर ठळक द्यायच्या ॲलर्जीच्या यादीत तीळ नाही, म्हणजे तो घटकांमध्येच शोधावा लागतो. मुलाने आधी घरी तीळ खाल्लेत का, चिक्की, लाडू, चटणी काहीही, ते आठवून डॉक्टरांना सांगा. खाल्ले असतील आणि काही झालं नसेल तर मग डबा बघून द्यायला हरकत नसावी, पण हे डॉक्टरांना विचारूनच हं.