एप्रिलमध्ये लांबच्या डोंगरावर पांढरं दिसलं तर तो बर्फ की गारा, हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की एप्रिलमध्ये हिमाचलातल्या पालमपूरला होतात, दुपारी गडगडाट होऊन पाऊस झाला आणि संध्याकाळी ढग फाटले तेव्हा मागच्या धौलाधार डोंगररांगेचे माथे पांढरे झाले होते. त्यांच्या खाली झाडीच्या डोंगरावरही एक पांढरा पट्टा होता. हॉटेलवाले म्हणाले बर्फ, टॅक्सीवाला म्हणाला ओले, म्हणजे गारा. दुसऱ्या दिवशी नऊपर्यंत खालचा पट्टा नाहीसा झाला, माथे तसेच राहिले.

मी पालमपूरला सहा वर्षं राहिलो. तुमच्या वर्णनावरून माझं उत्तर असं: माथ्यांवर बर्फ, खालच्या पट्ट्यात गारा. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते.

सगळ्यात आधी पांढऱ्याची खालची कड बघायची. बर्फ उंची पाळतो. एका ठरावीक उंचीच्या वर तो टिकतो, खाली त्याचा पाऊस होतो, त्यामुळे दहा डोंगर शेजारी असले तरी दहांवरही कड जवळपास एकाच पातळीत येते, कुणीतरी पट्टी धरून आखल्यासारखी. गारा मात्र ढगाची वाट पाळतात. ढग ज्या बाजूने सरकला तेवढाच पट्टा पांढरा. तो दोन धारांवरून तिरका जातो, दरीत उतरतो, आणि पुष्कळदा त्याच्या वरचा डोंगर कोराच असतो. खाली पांढरं आणि वर काळं असं दिसलं की तिथे बर्फाचा विचार सोडून द्या.

कारण साधं आहे. हिमाचा कण सेकंदाला मीटरभर वेगाने तरंगत येतो. हवा जिथे शून्य अंशाला असते त्या पातळीच्या खाली उबदार हवा लागली की एक किलोमीटर उतरायला त्याला पाव तासाहून जास्त लागतो, तेवढ्यात तो विरघळतो. दोन सेंटिमीटरची गार सेकंदाला साधारण वीस मीटर वेगाने येते. तेच अंतर ती मिनिटाच्या आत कापते, म्हणून उन्हाळ्याच्या तोंडावरही जमिनीपर्यंत शाबूत पोचते. आपल्याकडच्या गारपिटीचंही हेच. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ-मराठवाड्यात शेतं पांढरी झाली, ती गारांनीच. कळसूबाई १,६४६ मीटर, आणि मार्चमध्ये आपल्यावरची शून्य अंशाची पातळी त्याच्या दुपटीहून वर असते. तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्याच्या सुरुवातीला डोंगर पांढरा दिसला तर दुसरी शक्यता शोधत बसू नये.

दुसरी खूण झाडांची, आणि मला तीच जास्त भरवशाची वाटते. बर्फ देवदाराच्या फांद्यांवर बसतो, त्यामुळे अख्खं जंगल पिठूळ होतं. गारा पानांवरून घरंगळून खाली पडतात. जंगल काळंच राहतं, फक्त मधली कुरणं, शेतं, घरांची छपरं पांढरी होतात. दुर्बिणीतून हे दहा-बारा किलोमीटरवरूनही कळतं. एक सांभाळा: बर्फ पडल्यावर ऊन-वारा लागला की झाडं दुपारपर्यंत मोकळी होतात, म्हणून ही खूण पहाटेच बघावी.

पहिल्या वर्षी मीही फसलो होतो. संध्याकाळी न्यूगल खड्ड या तिथल्या ओढ्याच्या वरच्या अंगाला एक डोंगर पांढरा दिसला, मी घरी पुण्याला फोन करून बर्फ पडल्याचं सांगूनही टाकलं. सकाळी स्कूटरवरून वर गेलो. बुरांशच्या झाडांखाली मुठीएवढे ढीग साठले होते, वाटाण्याएवढ्या गारा एकमेकींना चिकटून गोठलेल्या, आणि त्यांच्यात बुरांशच्या लाल पाकळ्या अडकलेल्या. एक मोठी गार चाकूने कापली तर आत कांद्यासारखे थर, एक दुधी, एक काचेसारखा. पण खरा पुरावा नाकाला आला. सगळीकडे चुरडलेल्या पानांचा हिरवा, कडसर वास भरला होता. बर्फ पानं फाडत नाही. परत येताना चहाच्या मळ्यातून आलो. एप्रिल म्हणजे पहिल्या तोडणीचे दिवस, आणि वरची कोवळी पानं चाळणी झाली होती. मळ्यात काम करणाऱ्या बायका गप्प उभ्या होत्या. त्यानंतर लांबचा पांढरा डोंगर बघून मला नुसता आनंद झाला नाही.

तिथल्या लोकांना हा फरक कळावाच लागतो. वरचा बर्फ म्हणजे कूहलांचं पाणी. कूहल म्हणजे कांगड्यातले पाट, ते धौलाधारच्या वितळत्या बर्फावर आणि नाल्यांवर चालतात. पाणी वाटून देणाऱ्याला कोहली म्हणतात. आमच्या शेजारी एक म्हातारे कोहली राहायचे. मी विचारलं, चाचाजी, हे बर्फ की ओले? त्यांनी डोंगराकडे न बघता उलट विचारलं, रात्रभर पडत होतं की अर्धा तास? बर्फ सहसा तासन्‌तास, गुपचूप पडतो. गारा गडगडाट करत येतात आणि दहा-पंधरा मिनिटांत संपतात. हे मला डोळ्यांच्या खुणांइतकंच उपयोगी पडलं.

अवघड जागा एकच. हिमरेषेच्या आसपास, माझ्या पाहण्यात एप्रिलमध्ये अडीच ते तीन हजार मीटरवर, कधी कधी साबुदाण्यासारख्या मऊ पांढऱ्या गोळ्या पडतात. बोटांत दाबल्या की चुरा होतो. त्या ना धड बर्फ ना धड गारा, आणि लांबून त्यांचा रंग हुबेहूब बर्फासारखाच. धर्मशाळेच्या वरच्या त्रिउंड या ठिकाणाच्या उंचीवर हे मी दोनदा अनुभवलंय. तिथे दुर्बीण घेऊन अंदाज बांधण्यापेक्षा वर दुकान टाकून बसलेल्या कुणाला तरी फोन करावा, मी तेच करायचो.