मिनेसोटात स्मेल्ट पकडायला नेमकं कधी आणि कुठे जावं? ते आपल्या चढणीच्या माशांसारखंच असतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मिनिॲपोलिसला येऊन सहा महिने झालेत, नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन एखाद्या शनिवारी लेक सुपीरियरवर रात्रीचे स्मेल्ट नावाचे छोटे मासे पकडायला जायचंय, हॉटेल आत्ताच बुक करायचंय, म्हणून तारीख हवी. शिवाय कोकणातल्या चढणीच्या माशांसारखाच हा प्रकार आहे का, हेही विचारलंय.

तारीख कुणीच सांगू शकणार नाही. आज १९ एप्रिल. काल कामावरून परतताना इथे, लेक सुपीरियरच्या काठच्या डुलुथ शहरात, लेस्टर नदीच्या पुलाखाली उतरले आणि दोरीला बांधलेला थर्मामीटर पाण्यात सोडला. अडीच अंश. म्हणजे अजून थांबायचं. नदीचं पाणी चार-पाच अंशांवर गेलं (इथली माणसं फॅरनहाइटमध्ये बोलतात, ती ‘चाळीस झालं का?’ असं विचारतात) की तलावातले स्मेल्ट अंडी घालायला किनाऱ्याकडे आणि नद्यांच्या मुखांकडे सरकतात. डुलुथच्या बाजूला हे साधारण एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापासून मेच्या पहिल्या दहा दिवसांत घडतं. एका जागी जोर फार तर आठवडा-दीड आठवडा टिकतो, त्यातल्या खऱ्या भरघोस रात्री दोन-तीनच. ईशान्येचा वारा सुटला तर तलावातला फुटलेला बर्फ डुलुथच्या कोपऱ्यात येऊन दाटतो आणि सगळं पुन्हा चार दिवस पुढे जातं. म्हणून हॉटेल रद्द करता येईल असंच घ्या. त्याहून बरं म्हणजे हॉटेल न घेता अडीच तासांची गाडी मारून या आणि रात्रीच परत जा. मुलगा मागच्या सीटवर झोपेल.

मी मूळची मालवणकडची. डुलुथला येऊन चौदा वर्षं झाली, आणि पहिला वसंत सोडला तर एकाही वर्षी स्मेल्टला गेले नाही असं झालं नाही. त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला मनापासून द्यावंसं वाटतं.

दिसायला अगदी तसंच. लहानपणी जूनचा पहिला मोठा पाऊस लागला की आमचे आबा संध्याकाळपासून पडवीत बसून व्हाळाचा, म्हणजे ओढ्याचा, आवाज ऐकत. पाणी ‘बोलायला’ लागलं की गॅसबत्ती पेटवायची, कोयते-काठ्या घ्यायच्या आणि मळ्यात उतरायचं. मी टोपली धरायचे. गुडघाभर पाण्यात, बांधावरून उड्या मारत वर चढणारे मासे बत्तीच्या उजेडात चमकायचे. रायगड-ठाण्याकडे यालाच वलगण म्हणतात. थंडीऐवजी पाऊस, तलावाऐवजी खाडी आणि नदी, पण वाट बघणं तेच. इथेही एप्रिल लागला की शेजारी दुकानात भेटले तरी पाण्याचीच चौकशी करतात. कुणीतरी सांगतं, नदीच्या मुखावर पांढरे पक्षी जमायला लागलेत. दुसरा म्हणतो, अजून नाही, ते उगाच बसलेत. आबा व्हाळाबद्दल बोलायचे तेच हे बोलणं आहे.

पण एक फरक आहे, आणि माझ्यासाठी तो सगळ्यात मोठा आहे. चढणीचा मासा आपला आहे. तो त्या व्हाळाचा, त्या मळ्याचा. पोटात गाबोळी घेऊन तो अंडी घालायलाच वर चढतो आणि आपण त्याला नेमका तेव्हाच मारतो. त्या एका रात्रीत टोपलीभर मासे म्हणजे पुढच्या वर्षीचे किती मासे, हे आम्हांला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या व्हाळात आता चढण नावापुरती उरली आहे. त्यात रसायनांचा, बंधाऱ्यांचा वाटा आहेच, पण आमच्या कोयत्यांचाही आहे. मी जूनमध्ये गावी असले तर आता चढणीला जात नाही. बघायला जाते, हातात काही न घेता.

स्मेल्ट मात्र इथला नाही. तो मूळचा अटलांटिकच्या किनाऱ्याचा. १९१२ साली मेन राज्यातल्या ग्रीन लेकमधून त्याची अंडी आणून मिशिगनमधल्या क्रिस्टल लेकमध्ये सोडली. तलावात सॅमन वाढवायचे होते, त्यांना खाद्य म्हणून. सॅमन काही टिकले नाहीत, खाद्य टिकलं. १९२३ मध्ये स्मेल्ट लेक मिशिगनमध्ये सापडला, पुढे सुपीरियरमध्ये पोचला आणि १९४०च्या दशकात मिनेसोटाच्या किनाऱ्यावर दिसू लागला. तेव्हा सुपीरियरमधला मोठा शिकारी मासा, लेक ट्राउट, अतिमासेमारीने आणि समुद्रातून आलेल्या, माशांना चिकटून रक्त शोषणाऱ्या लॅम्प्रेमुळे खचत चालला होता. खाणारं कुणी नाही म्हटल्यावर स्मेल्ट बेसुमार वाढला. १९६० आणि ७०च्या दशकांत इथे रात्री जत्रा भरायची. जुनी माणसं सांगतात, कचऱ्याचे नवे डबे विकत आणायचे आणि ते भरून मासे न्यायचे. ७०च्या दशकाच्या शेवटी मासा झपाट्याने कमी झाला. ट्राउट सावरला होता, पॅसिफिकमधून आणलेले सॅमन सोडले होते, आणि या दोघांनाही स्मेल्ट आवडतो. त्यामुळे जुने फोटो बघून डबे घेऊन येऊ नका. चांगल्या रात्री एक बादली मिळते, वाईट रात्री सात मासे मिळतात आणि गेल्या वर्षी एका रात्री आम्हांला एकही मिळाला नाही.

हा पाहुणा इथल्या माशांची पिल्लं खातो, विशेषतः हेरिंगची. म्हणून इथे जाळं ओढताना माझ्या मनाला ते टोचत नाही जे गावी टोचतं.

आता जागा. पहिल्यांदा येणाऱ्याने पार्क पॉइंटला जावं. डुलुथचा उचलता पूल ओलांडला की तलाव आणि बंदर यांच्या मधोमध मैलोनमैल लांब वाळूची पट्टी लागते. तिथे तळ वाळूचा, हळूहळू खोल होणारा. लेस्टर, फ्रेंच, नाइफ या नद्यांच्या मुखांशीही लोक जातात, पण तिथे दगड शेवाळलेले आणि बर्फ वितळून आलेल्या पाण्याला ओढ फार. नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन तिथे अंधारात उतरू नका. नदीत दांड्याचं हातजाळंच वापरायचं असतं, आणि कुठपर्यंत उतरायचं याच्या पाट्या लावलेल्या असतात. ओढायचं लांब जाळं तलावाच्या किनाऱ्यावर.

हे ओढायचं जाळं बघाल तर ओळखीचं वाटेल. आमचं पंचवीस फूट लांब, चार फूट उंच, खाली शिसं, वर बुचं, दोन्ही टोकांना काठ्या. एकजण काठी घेऊन छातीभर पाण्यात जातो, दुसरा किनाऱ्याजवळ उभा राहतो. मग आतला माणूस अर्धगोल फिरून किनाऱ्याकडे येतो आणि दोघं मिळून जाळं वाळूवर ओढून घेतात. ही आमची रापण आहे, होडीशिवायची, दोन माणसांची. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका वयस्कर जोडप्याने आम्हांला नेलं होतं. त्यांनी जाळं पसरलं आणि मी कुणी काही सांगण्याआधी खालची शिशाची दोरी पायाने वाळूवर दाबून धरली, कारण ती उचलली गेली की मासे खालून निसटतात हे मला माहीत होतं. त्या बाईंनी विचारलं, हे तू कुठे शिकलीस? मालवणच्या किनाऱ्यावर, सहाव्या वर्षी. रापणीत दोराला हात लावला त्याला वाटा मिळतो. इथेही तसंच निघालं. कुणी नवखा आला, त्याने जाळं ओढायला मदत केली, की त्याच्या पिशवीत पाच-पंचवीस मासे टाकतात. तुमच्याकडे जाळं नसेल तरी या आणि हात लावा.

सूर्यास्त साधारण सव्वाआठला. त्यानंतर तासाभराने मासा किनाऱ्याला लागतो. रात्रीच येतो, अंडी घालतो, उजाडायच्या आत खोल पाण्यात परततो. उजेड त्याला नको असतो, म्हणून डोक्यावरचे दिवे पाण्यावर रोखून ठेवू नका. मासे वेचताना लावा, मग बंद करा. मुलाला हे आधीच सांगून ठेवा.

पहिला मासा त्याच्या हातात द्या. वीतभर लांब, बारीक, पाठ हिरवट, कूस चांदीची, आणि आडव्या प्रकाशात त्या चांदीवर जांभळी-गुलाबी झाक. नर हाताला खरखरीत लागतो, बारीक पॉलिश पेपरसारखा. या दिवसांत त्याच्या डोक्यावर आणि अंगावर बारीक पुटकुळ्या येतात. मादी गुळगुळीत आणि पोटाशी भरलेली. मग तो नाकाशी न्यायला सांगा. काकडीचा वास येतो. खोटं नाही, ताज्या माशाला अगदी काकडीचा. पहिल्या रात्री मी वाळूवर बसले होते, बादली भरत आली होती, चहूकडे बर्फाचे तुकडे तरंगत होते आणि मला भाद्रपदातल्या आमच्या माजघरातला वास येत होता, आजी तवसं फोडायची तेव्हाचा. आबांना फोन करून सांगितलं तर त्यांना ते पटेना. मासो आणि तवसाचो वास?

धोक्याचं सांगते, कारण ते घडलेलं आहे. छातीपर्यंतचे रबरी वेडर्स (बुटांसकटची विजार) घालून आत जातात. वरून कमरेला घट्ट पट्टा बांधायचा असतो, म्हणजे पडलात तरी पाणी पायांत लगेच भरत नाही. तिसऱ्या वर्षी माझ्या नवऱ्याने पट्टा बांधला नाही. वाळूची पट्टी संपून खाली खड्डा होता, तिथे पाय गेला, पाणी गळ्यापर्यंत आलं आणि वेडर्स भरले. त्या पाण्यात हातपाय काही मिनिटांत ऐकेनासे होतात. जाळ्याची काठी त्याच्या हातात होती म्हणून आम्ही जाळ्यासकट त्याला ओढून आणलं. आता पट्टा बांधल्याशिवाय आमच्यातलं कुणी पाण्यात जात नाही, आणि आत जाणाऱ्याच्या अंगात तरंगणारं जाकीट असतं. मुलाने घोट्याच्या वर पाण्यात जायचं नाही. त्याला वाळूवर मासे वेचायचं काम द्या, त्यात त्याचे दोन तास जातील. दोन जोड जास्तीचे लोकरी मोजे, कोरडी पँट, थर्मासमध्ये काहीतरी गरम.

परवाना लागतो, साधा मासेमारीचा, मोठ्यांना. मिनेसोटात राहणाऱ्या सोळा वर्षांखालच्या मुलांना लागत नाही. आधी काढलेला असेल तर त्याची मुदत संपलेली नाही ना, ते बघून घ्या. जाळ्याच्या मापाचे आणि जागांचे त्या वर्षीचे नियम राज्याच्या नैसर्गिक साधनसंपत्ती खात्याच्या पत्रकात असतात, निघण्याआधी वाचा.

मासे जिवंत घरी नेऊ नका. साफ केल्यावर जे पाणी आणि आतडी उरतील ती मिनिॲपोलिसच्या कुठल्याही तळ्यात टाकू नका. फळलेली अंडी त्या पाण्यातून जातात आणि आतल्या छोट्या तलावांत हा मासा असाच पसरलाय. तिथे तो वॉलआय आणि सिस्को या तिथल्या माशांच्या पिल्लांवर उठतो. पाणी गवतावर ओता, बाकी कचऱ्यात.

आणखी एक. जानेवारी २०२१ मध्ये शेजारच्या विस्कॉन्सिनने सुपीरियरच्या स्मेल्टबद्दल सल्ला दिला: पीएफओएस नावाचं, सहजी न नासणारं रसायन त्यात सापडलं, म्हणून महिन्याला एकच जेवण. मी तो पाळते, आणि मुलाच्या बाबतीत तुम्हीही पाळा. आम्ही एक बादली चार घरांत वाटतो.

ते एक जेवण मात्र नीट करा. कात्रीने डोकं कापायचं, त्याच कात्रीने पोट चिरायचं, अंगठ्याने आतलं काढायचं. काटा काढायचा नाही, तो मांदेलीसारखा खाल्ला जातो. इथली माणसं मैद्यात घोळवून तळतात. मी मीठ, हळद, मिरचीपूड आणि कोकमाचं आगळ लावून पंधरा मिनिटं ठेवते, मग तांदळाचं पीठ आणि रवा, आणि तव्यावर कडकडीत. चव मुडदुशीच्या जवळ जाते, थोडी गोडसर. गाबोळी निघाली तर तीही त्याच पिठात.

मासा नाहीच लागला तरी मे महिन्यात डुलुथमध्ये स्मेल्टची मिरवणूक निघते, २०१२ पासून. चांदीचे कपडे घातलेली माणसं, भल्यामोठ्या बाहुल्या, बँड, आणि मागून नाचत जाणारे लोक. मला तिच्यात शिमग्यातलं रोंबाट दिसतं. तुमच्या मुलाला ती नक्की आवडेल.

आज दिवसभर ऊन होतं आणि वारा पश्चिमेचा आहे. जाळ्याला दोन ठिकाणी भोकं पडलीत, ती रात्री विणून घेते. उद्या संध्याकाळी परत लेस्टरच्या पुलाखाली जाईन. पाणी चारच्या वर गेलं की याच उत्तराखाली लिहीन.