परदेशातल्या भावाच्या व्हेपसाठी नाशिकमध्ये हाताने शिवलेलं चामड्याचं कव्हर करून मिळेल का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: आतेभाऊ मँचेस्टरला असतो, त्याच्याकडे दोन बॅटऱ्यांचं चौकोनी व्हेप (ई-सिगारेट) आहे, त्याला हाताने शिवलेलं कव्हर भेट द्यायचंय. नाशिकमध्ये कुणी करून देईल की स्वतः करावं? आणि डिसेंबरात तो येणार आहे, तर मापासाठी यंत्रच घेऊन ये म्हणून सांगू का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. आणायला अजिबात सांगू नका. आपल्याकडे सप्टेंबर २०१९मध्ये वटहुकूम निघाला आणि त्याच डिसेंबरात ई-सिगारेटबंदीचा कायदा झाला. बनवणं, आयात, वाहतूक, विक्री, जाहिरात सगळं त्यात आलं; पहिल्या गुन्ह्याला १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. नुसतं साठवून ठेवलं तरी ६ महिने किंवा ५० हजारांपर्यंत जातं. ‘माझं एकच आहे, स्वतःपुरतं आहे’ हे विमानतळावर सांगत बसायची हौस कुणाला? सुट्टीवर आलेल्या माणसाला तर नाहीच.

कव्हर म्हणजे मात्र चामडं, दोरा आणि मेण. त्यात ना बॅटरी, ना गरम होणारं काही. एक नग घरच्या माणसाला शिवून देण्यात काही वावगं दिसत नाही. फक्त ते छान झालं म्हणून ‘व्हेप कव्हर करून मिळेल’ असे फोटो टाकून ऑर्डरी घ्यायला लागू नका, कायद्यातल्या जाहिरातीत आडून केलेली जाहिरातही धरली आहे.

आता कामाचं. यंत्र हातात नसताना कव्हर होतं का? होतं, आणि माझं मत विचाराल तर चांगलं होतं. मी सातपूरला टूलरूममध्ये नोकरी करतो, चामड्याचं काम हा सुट्टीतला नाद. चांभार जोडा पायावर शिवत नाही, फरम्यावर शिवतो. तुम्हालाही फरमाच लागणार आहे: यंत्राच्या मापाचा लाकडी ठोकळा. खरं यंत्र घरात असतं तरी मी ठोकळाच केला असता, कारण ओलं चामडं रात्रभर बॅटरीच्या वस्तूला गुंडाळून ठेवायचं नसतं.

भावाकडून मॉडेलचं नाव मागवा, पण तेवढ्यावर विसंबू नका. त्याला मिलिमीटरमध्ये मापं घ्यायला सांगा: उंची (वरची द्रवाची टाकी सोडून), रुंदी, जाडी, कोपऱ्यांची गोलाई, बटणाचं केंद्र वरच्या कडेपासून किती खाली आणि बाजूपासून किती आत, तसंच स्क्रीन आणि चार्जिंगचं भोक. व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) नसेल तर पट्टी शेजारी ठेवून समोरून, बाजूने आणि खालून फोटो. मापं आली की एकदा पडताळून पाहा. अशा यंत्रांत बहुधा १८६५० नावाच्या बॅटऱ्या असतात, म्हणजे व्यास १८ आणि लांबी ६५ मिलिमीटर. दोन शेजारी शेजारी म्हणजे ३६ झाले, वर भिंतींची जाडी. भावाने रुंदी ३० कळवली तर त्याने जाडीलाच रुंदी म्हटलंय. २१७०० वाल्या असतील तर आकडे आणखी वाढतात. आणि यंत्र वापरून फेकायचं नाही ना, तेही विचारा. ब्रिटनमध्ये १ जून २०२५पासून तसल्या व्हेपची विक्रीच बंद झाली आहे, त्यामुळे बहुधा भरून वापरायचंच असेल. तरी खात्री करा, नाहीतर कव्हर उरायचं आणि आतली वस्तू जायची.

ठोकळा सागाचा करा. कुठल्याही फर्निचरवाल्याकडे तुकडे पडलेले असतात, मापाचा रंधून देतो. एमडीएफ (लाकडाच्या भुश्याची दाबलेली फळी) नको, ते पाणी पिऊन फुगतं आणि माप बिघडतं. प्रत्येक बाजूला साधारण अर्धा मिलिमीटर जास्त ठेवा, कारण चामडं वाळताना आक्रसतं. कोपरे पॉलिश पेपरने यंत्राइतकेच गोल करा. ठोकळ्यात लोखंडी खिळा किंवा स्क्रू राहू देऊ नका, हे खास सांगतो. वनस्पतींच्या सालींनी कमावलेल्या चामड्यात टॅनिन असतं; ते ओलं असताना लोखंडाला लागलं की निळसर काळा डाग उमटतो आणि सहजी जात नाही. याच कारणाने कव्हरला बटण लावायचं झालं तर पितळी लावा.

चामड्यात बहुतेक लोक फसतात. बाजारात दिसतं ते बरंचसं क्रोमने (क्रोमियमच्या क्षारांनी) कमावलेलं. मऊ असतं, रंग सुंदर असतात, पर्सला छान. पण ते ओलं करून ठोकळ्यावर दाबलं तर वाळल्यावर पुन्हा सपाट होतं. तुम्हाला हवं ते साल-हिरड्याने कमावलेलं, इंग्रजीत ज्याला व्हेज-टॅन म्हणतात ते. कोल्हापुरीचं चामडंही याच पद्धतीचं, बाभळीची साल आणि हिरडा वापरून केलेलं. ओळख सोपी आहे. कापलेली कड बघा: क्रोमच्या पोटात निळसर राखाडी झाक असते, हे आरपार तपकिरी दिसतं. रंग न दिलेल्या तुकड्यावर पाण्याचा थेंब टाका, तो आत मुरतो आणि तिथे चामडं गडद होतं. जाडी दीड ते दोन मिलिमीटर घ्या. त्याहून जाड घेतलंत तर कोपऱ्यांवर सुरकुत्या जिरत नाहीत आणि खिशात वीट ठेवल्यागत वाटतं.

ते नाशिकमध्ये मिळायला वेळ घालवू नका. पंचवटी एक्स्प्रेसने दादरला उतरा आणि धारावी गाठा. तिथल्या चामड्याच्या दुकानांत वर्गफुटावर भाव असतो. तुम्हाला लागेल जेमतेम अर्धा वर्गफूट, पण एक-दीड घ्या, पहिला तुकडा सरावाला जातो. दुकानदार आख्खं कातडं खपवायला बघेल. कापलेले तुकडे मागा, असतात.

आता करून घ्यायचं की करायचं? शालिमार ते मेन रोड या पट्ट्यात बॅगा, चपला दुरुस्त करणारे बसतात. त्यांच्या हाताला माझ्यापेक्षा जास्त सफाई आहे. पण त्यांना दिवसाला शंभर गिऱ्हाइकं उरकायची असतात, एका ठोकळ्यासाठी चामडं भिजवून दुसऱ्या दिवसापर्यंत थांबणं त्यांना परवडत नाही. म्हणून मी म्हणेन, आकार तुम्ही घरी द्या. शिवण जमत नसेल तर फक्त ती त्यांच्याकडून घ्या, आणि जो भाव सांगतील त्यात घासाघीस करू नका.

आकार द्यायची पद्धत. चामडं कोमट पाण्यात बुडवा. बुडबुडे येतात, ते थांबले की बाहेर काढा आणि वरचा रंग जरा फिकट होईपर्यंत थांबा. ठोकळ्याला स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिक फिल्म गुंडाळलेली असू द्या. मग चामडं ठोकळ्यावर टाकून अंगठ्याने मधून कडेकडे दाबत न्या. या अवस्थेत ते कणकेसारखं हाताला वळतं, पण नखाचा ओरखडाही कायमचा उठतो, तेव्हा नखं आधी कापा. कोपऱ्यावर जमा होणारी चुणी चमच्याच्या पाठीने थोडी थोडी जिरवायची. एकदम दाबलीत तर घडी पडते. बुडाशी चामडं सपाट बाहेर येतं, ती पट्टी शिवणीसाठी. ८-१० मिलिमीटर ठेवून बाकीचं नंतर कापायचं. रात्रभर सावलीत वाळू द्या. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात ठेवलंत तर तासाभरात वाळेल खरं, पण काळवंडेल आणि कडक होऊन तडकेल. पावसाळ्यात उलट तऱ्हा, वाळायला दोन-दोन दिवस लागतात आणि बुरशी धरते. दिवाळीनंतरची कोरडी हवा या कामाला उत्तम. तुमची वेळ त्या दृष्टीने बरोबर आहे.

मागचा तुकडा सपाटच असतो. दोन्ही जोडताना एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया लावतात आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. दोरा शिवणीच्या चौपट लांब घ्या, मेण लावलेला. भोकांचं अंतर डिव्हायडरने ४ मिलिमीटर आखा, आरी दरवेळी त्याच कोनात धरा. टाका तिरका आणि एकसारखा दिसतो तो या कोनामुळे. मशीनच्या टाक्यात एक धागा तुटला की पुढची शिवण उसवत जाते. यात एक तुटला तरी दुसरा धरून ठेवतो.

भोकं वाळल्यावर पाडा, आधी नाही. ओल्यात पाडलेली ताणून वेडीवाकडी होतात. बटणाचं भोक बटणापेक्षा सगळीकडून दोन-तीन मिलिमीटर मोठं हवं. घट्ट कडेने बटण दाबलं गेलं तर यंत्र खिशातच तापायला लागेल. बऱ्याच यंत्रांत बटण पाच वेळा पटापट दाबलं की ते बंद होतं, भावाला ती सवय असेलच, तरी कव्हरने त्यावर भरवसा ठेवू नये. हवेच्या वाटा मोकळ्या हव्यात. यंत्राच्या बुडाला बारीक भोकं असतील तर तीही उघडी ठेवा. बॅटरी बिघडली तर आतला वायू तिथून बाहेर पडतो; ती वाट चामड्याने बुजवणं धोक्याचं आहे. बॅटऱ्या बुडाच्या दाराने बदलायच्या असतील तर तळ उघडा ठेवून नुसता आडवा पट्टा द्या.

कव्हरलाच जादा बॅटरीसाठी खिसा करावा असं तुमच्या मनात येईल. करू नका. मोकळी बॅटरी किल्ल्यांना, नाण्यांना लागली की शॉर्ट होते आणि पेटू शकते. तिची जागा वेगळ्या प्लास्टिकच्या डबीत.

टाकीतून थोडी गळती होतेच. त्या द्रवात ग्लिसरिन असतं, ते चामड्यात मुरलं की तो भाग चिकट राहतो. म्हणून आतून अस्तर लावू नका. काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारा गोंद कतीरा रात्रभर भिजवून त्याचा लगदा आतल्या बाजूला आणि कडांना चोळा, मग जाड कापडाने घासा. कड काचेसारखी गुळगुळीत होते. वरून मधमाश्यांचं मेण पातळ. तेल ओतू नका, आकार ढिला पडतो.

डिसेंबरात भाऊ येईल तेव्हा कव्हर तयार ठेवा, जाताना तो घेऊन जाईल. कुरियरने पाठवायचं झालं तर भेटवस्तू म्हणून ३९ पौंडांपर्यंतच्या मालावर तिकडे व्हॅट लागत नाही. किंमत खरी लिहा. ठोकळा मात्र तुमच्याकडेच ठेवा आणि त्यावर मॉडेलचं नाव पेन्सिलने लिहा. कव्हर सैल झालं की पुन्हा ओलं करून त्यावरच चढवावं लागतं. भावाची मापं आली की कळवा, कापायचा कागद कसा काढायचा ते सांगतो.