बशी उभी, चमचा आडवा

प्रश्न : मी इंग्रजी कथांचा स्वीडिशमध्ये अनुवाद करायला लागले आहे. शब्दकोशात 'नो', 'थिंक', 'गो', 'पुट' यांना प्रत्येकी दोन-चार क्रियापदं सापडतात. नेमकं कुठलं घ्यायचं?
– एक वाचक

उत्तर : 'नो'ची चिंता सोडा. वाक्य मनात मराठीत म्हणून बघा. 'माहीत आहे' आलं तर वेता, 'ओळखते' आलं तर शेन्ना. आणि पोहता 'येतं', स्वीडिश 'येतं', तिथे कुन्ना.

'थिंक'ला मात्र मराठी दगा देते, कारण आपलं 'वाटतं' फार ऐसपैस. 'सिनेमा चांगला आहे असं वाटतं' हे आपण पाहून आल्यावरही म्हणतो आणि न पाहताही. स्वीडिशमध्ये पाहून आलेला त्युक्का वापरतो, नुसता अंदाज बांधणारा त्रू. तेव्हा कथेतल्या पात्राने सिनेमा पाहिलाय का, ते आधी शोधा. राहिलं तेंका, ते आपलं 'विचार करणं'.

'गो'मध्ये मी स्वतः तोंडघशी पडलोय. चालण्याचं स्वीडिश क्रियापद कानाला 'गो'सारखंच लागतं. स्टॉकहोमला शिकत असताना 'उद्या मी गोथेनबर्गला जातोय' हे मी बेधडक त्यानेच लिहिलं. बाईंनी समासात एवढंच लिहिलं : 'बूट चांगले आहेत ना?' रस्त्याने साडेचारशे किलोमीटरच्या वर अंतर, आणि मी पायी निघालेलो! वाहनाने जाणाऱ्याला ओका. गंमत म्हणजे आगगाडी आठला सुटते तेव्हा ती मात्र 'गो'च करते.

'पुट'पाशी शब्दकोश मिटा आणि वस्तू ठेवल्यावर कशी राहील ते डोळ्यांपुढे आणा. उभी राहणार असेल तर स्तेल्ला, आडवी तर लेग्गा, खिशात सारायची तर स्तोप्पा. टोपी डोक्यावर चढवायची तर सेत्ता. एकच पुस्तक टेबलावर आडवं टाकलं तर लेग्गा, कपाटात ओळीने लावलं तर स्तेल्ला. चमचा अर्थातच आडवा. पण बशी? एवढी चपटी वस्तू, मी कित्येक महिने तिला आडवी पाडत होतो. स्वीडिश नजरेला ती उभी दिसते, कारण तिला टेकायला बूड आहे. तुमच्या कथेत बशी आणि चमचा एकाच 'पुट'ने टेबलावर आले असतील, तर तिथे क्रियापदं दोन लागतील.