छोट्या शहराचा मार्केटिंग आराखडा : घोषवाक्य सर्वांत शेवटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चाळीसेक हजार वस्तीच्या शहराचा मार्केटिंग आणि धोरणात्मक आराखडा करायचं काम तुमच्याकडे आलंय. समितीला लोगो, घोषवाक्य आणि एक मोठा महोत्सव लगेच हवाय, आणि तुम्हाला शंका येतेय की क्रम उलटा होतोय. शंका रास्त आहे. समितीपुढे मांडता यावं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शहराला पुढच्या पाच-दहा वर्षांत काय व्हायचंय आणि त्यासाठी काय सोडून द्यायचंय, हे धोरणात ठरतं. मार्केटिंगचं काम ते योग्य माणसांपर्यंत पोचवण्याचं. पहिलं ठरलेलंच नसेल तर 'निसर्गरम्य, उद्योगस्नेही, राहायला उत्तम' अशी वाक्यं छापली जातात. त्यात आपल्या जागी शेजारच्या शहराचं नाव घालून बघा. तरीही वाक्य तितकंच खरं वाटलं तर ते खुशाल खोडा.

महोत्सवाबद्दल समितीला हे-ऑन-वायचं उदाहरण द्या. वेल्सच्या सीमेवरचं हे जेमतेम दोनेक हजार वस्तीचं गाव आज जगभर पुस्तकांचं गाव म्हणून ओळखलं जातं. रिचर्ड बूथ यांनी तिथे जुन्या पुस्तकांची दुकानदारी सुरू केली ती 1960च्या दशकाच्या सुरुवातीला. 1 एप्रिल 1977ला त्यांनी गाव स्वतंत्र राज्य असल्याची घोषणा करून स्वतःला राजा म्हणवून घेतलं, आणि वर्तमानपत्रांनी ती बातमी उचलून धरली. साहित्य महोत्सव आला 1988मध्ये. म्हणजे आधी दुकानं, मग बोलबाला, मग महोत्सव, आणि मधे पाव शतक. लोक आले तेव्हा बघायला आणि विकत घ्यायला पुस्तकं होती, म्हणून ती प्रसिद्धी टिकली.

'एखादी भव्य वास्तू उभारू' म्हणणारेही समितीत असतीलच. ते स्पेनमधल्या बिलबाओ शहराच्या गुगेनहाइम संग्रहालयाचं नाव घेतील. ते 1997मध्ये उघडलं हे खरं, पण त्याआधीच तिथे नदी स्वच्छ करण्याचं काम हाती घेतलं होतं, नदीकाठच्या जुन्या औद्योगिक जमिनींच्या पुनर्विकासासाठी 1992मध्ये स्वतंत्र संस्था स्थापन झाली होती आणि 1995मध्ये मेट्रो धावू लागली होती. शिवाय बिलबाओ काही छोटं शहर नाही. त्यांचा खर्च तुम्हाला झेपणार नाही, त्यांचा क्रम मात्र उचलता येईल.

आता तुमच्या कामाचं. शहराची जाहिरात पाच गटांसाठी करता येते: पर्यटक, नवे रहिवासी, बाहेरचे गुंतवणूकदार, आजचे रहिवासी आणि आजचे व्यावसायिक. छोट्या शहराचा निधी पाचांना पुरत नाही, त्यामुळे दोन निवडा आणि उरलेले तीन का वगळले तेही आराखड्यात लिहा. माझं ठाम मत आहे की दोनांतला एक गट आजच्या व्यावसायिकांचा असावा. नवा कारखाना आणण्यासाठी शंभर शहरं स्पर्धेत असतात, आहे तो टिकवण्यासाठी फक्त तुम्ही.

पंचवीस-तीस व्यावसायिकांना त्यांच्या जागी जाऊन भेटा. 'अडचणी सांगा' म्हटलं की रस्ते आणि कर एवढंच ऐकायला मिळतं. त्याऐवजी नेमकं विचारा. गेल्या वर्षी कोणत्या कामाला माणूस मिळाला नाही? कोणता माल इथे मिळत नाही म्हणून बाहेरून आणता? व्यवसाय वाढवायचा झाला तर इथेच वाढवाल का, नसेल तर का नाही? आणि तुमच्यानंतर हे कोण चालवणार? हा शेवटचा प्रश्न कधीही गाळू नका. चांगला चालणारा व्यवसाय केवळ पुढे चालवणारा कुणी नाही म्हणून बंद पडतो, आणि शहराला ते कुलूप लागल्यावर कळतं.

सोबत एक सोपं गणित करा. शहरातल्या एकूण नोकऱ्यांपैकी एखाद्या उद्योगात 12 टक्के असतील आणि देशात तेच प्रमाण 3 टक्के असेल, तर भागाकार येतो 4. याला लोकेशन कोशंट म्हणतात. तो एकपेक्षा बराच जास्त असला की बहुधा तो माल शहराबाहेर विकला जात असतो आणि बाहेरचा पैसा शहरात येत असतो. ओळख शोधायला हा आकडा घोषवाक्य स्पर्धेपेक्षा कितीतरी भरवशाचा.

पर्यटक हा दुसरा गट निवडलात तर एका अनोळखी माणसाला बसस्थानकावरून मुख्य चौकापर्यंत पायी चालायला सांगा आणि तुम्ही वही घेऊन मागे राहा. तो कुठे थांबतो, कुणाला रस्ता विचारतो, स्वच्छतागृह सापडतं का, बसायला सावली आहे का, संध्याकाळी सातनंतर काय उघडं असतं, सगळं टिपा. आलेल्यांपैकी थोडेजण जरी रात्री मुक्कामाला राहिले तरी शहरात राहणारा पैसा बराच वाढतो. त्यामुळे गर्दीचं नव्हे, मुक्कामाचं उद्दिष्ट ठेवा. गर्दीची मर्यादाही आधीच ठरवून ठेवा. ऑस्ट्रियातल्या हालश्टाटची वस्ती हजाराच्याही आत आहे. पर्यटकांचा लोंढा इतका वाढला की 2023मध्ये रहिवाशांनीच रस्ता अडवून निषेध केला.

मोजमापाची घाई मात्र आजच करा. रिकामे गाळे, मुक्कामाच्या खोल्यांपैकी किती भरतात, शाळेतले नवे प्रवेश, बाजारपेठेतली आठवड्याच्या मधल्या दिवसाची वर्दळ, एवढं पुरे. सुरुवातीचा आकडा नोंदवलेला नसेल तर तीन वर्षांनी काय बदललं हे कुणालाच सांगता येणार नाही, आणि पुढच्या निवडणुकीनंतर आराखडा कपाटात जाईल. तो वाचवायचा तर समितीत व्यापारी, शाळा आणि तरुण यांचे प्रतिनिधी घ्या आणि प्रत्येक कामापुढे खात्याचं नाही, माणसाचं नाव लिहा.

लोगोचा निधी तोवर राखून ठेवा. भेटी आणि मोजणी संपली की डिझायनरला द्यायला तुमच्याकडे नेमकी माहिती असेल.